विहीर कुणाच्या घराखाली

आमच्या वसाहतीत माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. मी अकरा नंबरवाली. समोरच्या शिक्षिकाबाई दहा नंबर. आमच्याच रांगेतले बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ पाच नंबर. दूधवाला तसंच म्हणतो, गॅसवाला तसंच म्हणतो, आणि आता आम्हीही एकमेकांना तसंच म्हणतो. "पाच नंबरला पाहुणे आलेत", "आठ नंबरचं कुत्रं चावतं". आमची सगळी हयात कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेली. तिथं कुणाकडं काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि कुणाचं भांडण झालंय ते वास न आल्यावरून. निवृत्तीनंतर बारामतीबाहेर, इंदापूर रस्त्याला हा तयार बंगला घेतला. पहिल्या आठवड्यात मी करंज्यांचं ताट घेऊन गल्लीभर फिरले, तर एका घरातून आवाज आला, "पार्सल असेल तर गेटवर ठेवा." मी ताट घेऊन घरी आले आणि चिडून चार करंज्या स्वतःच खाल्ल्या.

सांगायचं म्हणजे, वसाहत छान आहे. सिमेंटचे रस्ते, दिवे, दोन्ही बाजूंना बदामाची झाडं. तीन बाजूंना अजून ऊस उभा आहे. गळीत हंगामात दिवसभर ट्रॅक्टर गाणी लावून जातात, मळीचा वास येतो, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. आमचे हे कारखान्यात केमिस्ट होते, त्यामुळे मळीचा वास आला की त्यांना बरं वाटतं. मला नाही वाटत. पण ऊस पाहिला की मात्र मला कुठंतरी आपलं वाटतं. माझं माहेर सणसरचं. आम्ही राहतो ती जमीनही उसाचीच होती, एका घराची. त्या घरातल्या मुलांनी प्लॉट पाडले, एका ठेकेदाराला धरून बंगले बांधले आणि विकले. आधी इथं काय होतं, असं आम्ही कुणीच विचारलं नाही. ऊस होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आणखी काय असणार?

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी ड्रेनेजच्या पाइपसाठी आमच्या गल्लीत चर खणला. मी गेटपाशी उभी होते. जेसीबीच्या बकेटला मोठाले घडीव दगड लागले. एकाला मधोमध पन्हाळीसारखी खाच होती. जेसीबीवाला डाळजचा. तो खाली उतरला, दगडावरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "काकू, हितं इहीर बुजवलीय का?"

"का हो?"

"ह्यो थारोळ्याचा दगड हाय. मोटंचं पानी ह्याच्यात पडायचं. थारोळं हाय म्हंजी इहीर हाकेवर असनार." मग त्यानं गल्लीतल्या बंगल्यांकडं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि तो जेसीबीवर चढला. मला त्याचं ते पाहणंच लागलं.

संध्याकाळच्या आत चर बुजवला गेला आणि दगड ट्रॉलीत भरून कुठं गेले ते कळलं नाही. वसाहतीच्या अध्यक्षांनी स्वतः उभं राहून ते करून घेतलं. पण बातमी गल्लीत पसरायला काय उशीर? सहा बंगले या अंगाला, सहा त्या अंगाला. त्यातल्या कुठल्या तरी एका घराखाली विहीर आहे. मोटेची म्हणजे लहान नव्हे. आमच्याकडच्या जुन्या विहिरीत हत्ती उतरेल.

गणपतीच्या मांडवात बैठक झाली. मी समजत होते, मूळ मालकांना बोलावून जागा विचारतील. त्या घरातल्या मुलांना आधीच कुणीतरी विचारून आलं होतं. ते हसले होते म्हणे. "इहीर? आवं, हितं निस्ता ऊस व्हता." तेव्हा कुणीतरी म्हणालं, त्यांची आई आहे की अजून, रस्त्याकडेच्या नव्या इमारतीत राहते. तिला विचारू. यावर अध्यक्ष बराच वेळ शेंगदाणे सोलत बसले. मग म्हणाले, "समजा तिनं सांगितलं. मग?"

एकाचं घर विक्रीला होतं. एकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, पाहुणे घर बघायला येणार होते. एकदा बोट ठेवलं की ज्याच्यावर ठेवलं तो मेला आणि उरलेले सुटले. न ठेवलं तर सगळेच अर्धेअर्धे जिवंत. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेवटी असं ठरलं की म्हातारीला कुणी काही विचारायचं नाही. शिकलेली माणसं, वकील, प्राध्यापक, बँकेतले साहेब, सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनीही.

तिथून पुढं गल्लीत जे सुरू झालं, त्याला भीती म्हणावं की करमणूक, मला अजून कळत नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी गत. काळ्या मातीवरची घरं; पावसात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे भिंतीला तडे सगळ्यांच्याच. पण आता प्रत्येक जण दुसऱ्याकडं गेला की आधी भिंत बघायचा, मग खुर्चीवर बसायचा. सात नंबरनं दिवाळीआधीच रंग काढला, तर लोक म्हणाले, काहीतरी लपवतोय. आठ नंबरचं कुत्रं मागच्या अंगणात एकाच जागी उकरायचं, तर त्याला बांधून ठेवलं. दहा नंबरच्या बाई एकदा आमच्याकडं हळदीकुंकवाला आल्या, वाटीतला एक हरभरा त्यांच्या हातून पडला आणि फरशीवरून घरंगळत गेला. तो कुठं थांबतो ते आम्ही दोघी बघत राहिलो. कोपऱ्यात थांबला. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आमच्या ह्यांचं सांगायचं तर ते या सगळ्याला हसायचे. "विज्ञान आहे की नाही काही?" म्हणायचे. आणि एके दिवशी मागच्या खोलीत पाहते तर छताच्या हुकाला ओळंबा टांगलेला. गवंडी लोक भिंत सरळ आहे का बघतात तो, दोरीला बांधलेला वजनाचा. "हे काय?" तर म्हणे, "पंख्याची दिशा बघतोय." पंख्याची दिशा! चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हा माणूस पंख्याची दिशा सांगतो. रोज सकाळी चहाआधी ते त्या खोलीत जाऊन उभे राहायचे आणि मी स्वयंपाकघरातून कान देऊन असायचे.

अशात लेक बाळंतपणाला आली.

मागची खोली तिला दिली. ऊन तिथंच येतं, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज तिथं पोचत नाही. कपाटामागं एक तडा होता, पण सगळ्यांच्या घरात होता तेवढाच. नात झाली. लालबुंद, डोक्यावर दाट जावळ, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. त्या खोलीत स्टँडचा पाळणा मांडला तेव्हापासून माझी झोप गेली. इतके दिवस जी गोष्ट गल्लीची होती ती आता त्या पाळण्याखालची झाली. मी लेकीला म्हणाले, पुढच्या खोलीत या दोघी. ती म्हणाली, "आई, पुढची खोली काय वेगळ्या जमिनीवर आहे?" खरंच होतं. विहीर आमची असेल तर घरच आमचं नव्हतं. नसेल तर मी उगाच पोरीला भिववत होते. काय ते एकदा कळायला हवं होतं. न कळता तिथं तान्हं पोर झोपवणं मला आता जमेना.

वाट काढून दिली ती विहीणबाईंनी. त्या लासुर्ण्याच्या. सव्वा महिना होत आला तसा त्यांचा फोन आला, "सूनबाईची इहीर पुजायची तयारी करा." आमच्या भागात बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीवर जाते. पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, घुगऱ्यांचा नैवेद्य दाखवायचा, तांब्यातलं पाणी विहिरीत सोडायचं. त्यानंतर तिनं पाण्याला हात लावायचा, घरात कामाला लागायचं. मी म्हणाले, अहो, इथं विहीर कुठली? वसाहतीत सगळ्या जणी बोअरची मोटर नाहीतर नळ पुजतात. विहीणबाई भडकल्या. "नळ पुजत्यात? उद्या मिक्सर पुजाल! शिवारात इहीर आसंलच की एखांदी. जुन्या मान्साला इचारा."

जुनं माणूस! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बैठकीत ठरलं होतं की विहीर कुठं आहे ते विचारायचं नाही. बाळंतिणीनं विहीर कुठं पुजावी ते विचारायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मूळ मालकांच्या घरी गेले. खाली दुकानाचे गाळे, वर तीन मजले. मुलं बाहेर गेली होती. म्हातारीला सगळे अक्का म्हणतात. ती गच्चीवर होती. पाण्याच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीपाशी बसून सात दगडांना शेंदूर लावत होती. साती आसरा. विहिरीतल्या देवी. आमच्या सणसरलाही विहिरीच्या काठावर असायच्या, आणि ओलेत्या अंगानं त्यांच्यापुढून जायचं नाही, असं आई बजावायची.

"अक्का, ह्या इथं कशा?"

"पान्याजवळ ठिवाव्या लागत्यात. इहीर बुजवली तवा उचलून आनल्या," असं म्हणून तिनं बोट धडुत्याला पुसलं. "पन त्या हितं आल्या न्हाईत बाई. निस्ती दगडं आनली आमी."

विहीर होती. कुणीतरी पहिल्यांदाच ते तोंडानं म्हणालं होतं आणि तेही इतक्या सहज. मग मी लेकीचं सांगितलं. सव्वा महिना, विहीणबाई, पुजायला विहीर हवी. खाली रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं लांब जाईपर्यंत अक्का उरलेल्या दगडांना शेंदूर लावत राहिली.

"पोरांनी सांगितलंय, इहिरीचं कुनापाशी काढायचं न्हाय," ती म्हणाली. "पन बाळंतीण इचारतीया. तिला न्हाय म्हनलं, न्हायतर भलतीच जागा दावली, तर त्येचं पाप मला लागंल. माझ्या समद्या बाळतपनांना मी तिलाच पुजलीय. शुक्करवारी येती. वटी भरून ठिवा."

घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. "आई, तुला विहीर पुजायची नाहीये. तुला ती शोधायची आहे."

"दोन्ही आहे," मी म्हणाले.

ती बाळाला खांद्यावर थोपटत खोलीत दोन फेऱ्या मारून आली. मग म्हणाली, "चल. मलापण कळू दे माझं पोर कशावर झोपतंय ते." आमचे हे पेपरामागून म्हणाले, "काय अंधश्रद्धा चाललीय." पण येऊ नका असं काही ते म्हणाले नाहीत.

शुक्रवारी सकाळी अक्का आली. हिरवं लुगडं, अनवाणी, हातात काठी. वसाहतीच्या कमानीपाशी आम्ही तिला घ्यायला गेलो. लेकीच्या डोक्यावरून पदर, हातात तांब्या, माझ्या हातात ताट. नात घरी पाळण्यात झोपली होती, आजोबांच्या राखणीला. विहीर पुजायच्या आधी मूल विहिरीवर नेत नाहीत. अक्कानं वाटेवरचे पाच खडे वेचले, ओच्यात टाकले आणि ती चालायला लागली. माझ्याशी बोलेना, लेकीशी बोलेना. खाली मान घालून, जणू बांधावरून चालल्यासारखी पाऊल टाकत होती. कुठं सिमेंटचा रस्ता आहे, कुठं गेटं आहेत, हे तिच्या लेखी नव्हतंच.

ती आमच्या गल्लीत वळली आणि गल्लीला कळलं. कसं कळलं ते देव जाणे. एक खिडकी उघडली, मग दुसरी. कुणी झाडांना पाणी घालायला बाहेर आलं, कुणी गाडी पुसायला. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. नळीतलं पाणी एकाच कुंडीत पडत होतं आणि कुंडी भरून वाहत होती. दोन नंबरपाशी अक्काची चाल जरा मंदावली. अध्यक्ष दारात होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. अक्का पुढं गेली आणि ते मटकन पायरीवर बसले. पाच नंबरपाशी ती थांबली. थांबलीच. बँकवाल्यांच्या बायकोनं घाईघाईनं गेट लोटून कडी घातली, जणू विहीर रस्त्यावरून चालत आत शिरणार होती. अक्कानं वाकून तळपायातला काटा काढला, पाय झटकला आणि पुढं झाली. त्या कडी तशीच धरून उभ्या राहिल्या.

खरं सांगते, त्या क्षणी मी पाच नंबरसाठी मनात हात जोडले होते. तिथंच असू दे, असं म्हणत होते. मग सात नंबर. मग आठ. प्रत्येक गेटापाशी मी तेच म्हणत होते, आणि मला खात्री आहे की प्रत्येक गेटाच्या आतलं माणूस माझ्या घराबद्दल तेच म्हणत होतं. जे घर मागं पडे, त्या घरातली माणसं आमच्या मागून चालायला लागायची. आता त्यांना बघायचं होतं. दहा नंबरच्या बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. अक्कानं त्यांच्या घराकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

ती आमच्या गेटातून आत गेली.

मी मोठ्यानं म्हणाले, "अक्का, पाणी हवंय का? थकलात का?" तिनं उत्तर दिलं नाही. पायरी चढली, हॉलमधून गेली. सोफ्यापाशी क्षणभर काठी टेकली, म्हणाली, "हितं धाव व्हती. बैल मागं सरायचं ती," आणि मागच्या खोलीत शिरली. ओळंबा टांगलेला होता त्याच्या खाली पाळणा, पाळण्यात नात, आणि स्टुलावर आमचे हे, हातात पेपर. ते उभे राहिले. अक्का त्यांच्याकडं न बघता मला म्हणाली, "पाळना वाईच सरकवा."

लेकीनं सरकवला. अक्कानं खोलीच्या मधोमध ओच्यातले पाच खडे मांडले. तेवढ्यात ह्यांनी विचारलं, कारखान्यात विचारावं तशा आवाजात, "विहीर बुजवली कशानं?"

"पाचट टाकलं समदं. दोन एकराचं. वरनं मुरूम आन बांधकामाचा राडारोडा."

उसाच्या पाचटाचं, त्या वाळल्या पाल्याचं, ओलाव्यात कुजून काय होतं, ते किती उरतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचा हात पाळण्याच्या दोरीकडं गेला आणि तिथंच राहिला.

खिडकीच्या जाळीपलीकडं सगळी गल्ली उभी होती. इतकी माणसं आमच्या अंगणात वास्तुशांतीलाही आली नव्हती. लेक खाली बसली. तिनं खड्यांना हळदकुंकू वाहिलं, घुगऱ्या ठेवल्या. "आता पानी सोड," अक्का म्हणाली.

तिनं तांब्या हळूहळू ओतला. पाणी खड्यांभोवती थोडं पसरलं, मग वाकडं होऊन दोन फरशांच्या सांध्याकडं निघालं. मी फडकं घ्यायला वळले, सवयीनं. वळून पाहते तर पुसायला काही उरलं नव्हतं. लेकीनं तांब्या आणखी तिरका केला. तेही गेलं. पूर्ण तांब्या रिता झाला, आणि फरशीवर हळदीचा एक पिवळा पट्टा तेवढा राहिला. जाळीपलीकडं कुणीतरी श्वास सोडला. ऐकू येईल एवढा.

अक्काचा चेहरा उजळला. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "घेतलं गं बाई त्यांनी. चांगलं झालं. समद्याच बाळंतिनीचं घेत न्हाईत."

ह्यांनी नातीला पाळण्यातून उचललं. दार समोरच होतं, खोली ओलांडून चार पावलांवर. ते तसे आले नाहीत. पाठ भिंतीला लावून, पोरीला छातीशी घट्ट धरून, एकेक पाऊल चाचपत ते खोलीच्या कडेकडेनं दाराकडं आले.